परभणीच्या पोटात कथील नाही

माझा धाकटा भाऊ जिंतूरच्या बाजूला खदान आणि खडी क्रशर चालवतो. आमच्या आत्यानं सगळी नोकरी कॉलेजात भूशास्त्र शिकवण्यात घालवली. दोघांचाही दिवस दगडात गेला, पण दगडाबद्दल दोघांचं मत कधी जुळलं नाही. या वेळी वाद पेटला तो कल्हईवरून. आजीची पितळी पातेली कल्हईला द्यायची होती. कल्हईवाल्यानं कथलाचा भाव सांगितला आणि भाऊ चिडला. पुढं जे बोलणं झालं ते मी लिहून ठेवलं. ‘आपल्या जिल्ह्यात काहीच नाही’ हे वाक्य इथं प्रत्येक पिढी म्हणत आली आहे. त्या दिवशी कुणीतरी ते तपासून पाहिलं.

भाऊ : एवढीशी कांडी आणि एवढा भाव! कुठंतरी याची खाण असणार. तिथल्या लोकांचं नशीब उघडलं असणार. आपल्याकडं काय? नागपूर-भंडाऱ्याला मँगनीज, चंद्रपूरला कोळसा, गडचिरोलीला लोखंड. परभणीला काळा पत्थर. आत्या, खाण असती तर आपली पोरं पुण्याला कंपनीच्या गेटवर उभी राहिली असती का? ऊस तोडायला टोळ्या गेल्या असत्या का?

आत्या : कथील परभणीत का नाही, याला कारण आहे. नशिबावर ढकलू नको. कथलाचा दगड म्हणजे कॅसिटराइट. तो सापडतो ग्रॅनाइटच्या संगतीत. जमिनीखाली खोल वितळलेला रस हजारो वर्षं सावकाश थिजत जातो. नेहमीची खनिजं आधी स्फटिक होऊन बाजूला पडतात. कथलाला त्यांच्यात जागा मिळत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत रसात राहतं. काहिलीत रस आटत जाऊन शेवटी तळाशी घट्ट काहीतरी उरतं ना, तसं. त्या उरलेल्या रसात पाणी असतं, फ्लोरीन असतं, बोरॉन असतं. तो भेगांत शिरतो आणि गारेच्या शिरांमध्ये कॅसिटराइट जमतं. त्याच्या शेजारी पुष्कराज, टुर्मलीन, फ्लोराइट, टंगस्टनचं वुल्फ्रमाइट, लिथियमचा जांभळट अभ्रक. कथलाची जुनी खाण कुठलीही घे, तिच्या ढिगाऱ्यात यातले बरेच सोबती सापडतात.

भाऊ : आणि आपला पत्थर?

आत्या : आपला बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. तो वर आला, पसरला, थंड झाला. कथील वेगळं व्हायला लागतो तेवढा वेळ त्याला मिळालाच नाही. शिवाय तो आला पृथ्वीच्या आणखी खालच्या थरातून, तिथं कथील नावापुरतं.

भाऊ : मग लाव्ह्याच्या खाली काय आहे? खाली तर ग्रॅनाइट असेल ना?

हा प्रश्न मला आवडला. खदानवाला माणूस खालचाच विचार करतो.

आत्या : आहे. किल्लारीला पाहिलाय तो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जमिनीखाली काय हललं हे कळावं म्हणून शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट. त्याखाली लाव्हा येण्याआधीच्या गाळाचा जेमतेम ८ मीटरचा थर. आणि मग जुना स्फटिकी खडक, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. मराठवाड्याचा खरा पाया तो. तो उघड्यावर बघायचा असेल तर नांदेडच्या पलीकडं देगलूर-बिलोलीकडं जा. तिथं लाव्ह्याची किनार संपते आणि ग्रॅनाइटच्या गोल गोल टेकड्या दिसायला लागतात. पण ऐक, ग्रॅनाइट आहे म्हणजे कथील आहे असं होत नाही. शंभर ग्रॅनाइटांत एखादा कथलाचा निघतो.

भाऊ : तरी खणून बघायला काय हरकत? कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरच्या खाली गेली होती म्हणतात.

आत्या : गेली होती. आणि तुला कोलारच हवं असेल तर कोलारची गोष्ट पुरी ऐक. तिथल्या खाणी जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रजी कंपनी चालवायची. जमिनीखालचं काम शिकवायला तिनं माणसं आणली कॉर्नवॉलहून. कॉर्नवॉल हा इंग्लंडचा नैऋत्य कोपरा, कथलाचा जुना आणि प्रसिद्ध मुलूख. तिथल्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी तोट्यात गेल्या, तेव्हा तिथले खाणकामगार देशोधडीला लागले. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि आपलं कोलार. म्हणजे कथलाच्या खाणीनं आधी आपल्या लोकांना पोसलं आणि मग जगभर उधळून दिलं. लेव्हांट नावाच्या खाणीत २० ऑक्टोबर १९१९ ला माणसं वर आणणारं यंत्र तुटलं आणि ३१ जण गेले. त्या मुलखातली शेवटची मोठी कथलाची खाण, साउथ क्रॉफ्टी, १९९८ ला बंद झाली. कोलार २००१ ला बंद झालं. मागं राहिले सायनाइड मिसळलेल्या मातीचे डोंगर. आणि तिथली पोरं आता काय करतात माहीत आहे? रोज पहाटेची रेल्वे पकडून बंगळूरला कामाला जातात. पुण्याला जाणाऱ्या आपल्या पोरांपेक्षा काय वेगळं झालं?

भाऊ : वेगळं झालं आत्या. त्यांना शंभर वर्षं पगार मिळाला. दवाखाना मिळाला, वीज मिळाली. कोलारला वीज आली तेव्हा आपल्याकडं कंदील होते. आजही खाणीच्या जिल्ह्याला जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा मिळतो, शाळा-रस्ते होतात. आपण मात्र पाऊस पडला का, एवढंच विचारत बसतो.

इथं आत्या थोडा वेळ गप्प राहिली. भावाचं हे म्हणणं मलाही खोडता येत नाही. कोलारला शिवसमुद्रमहून वीज आली ती १९०२ साली. खाण माणसं खाते हे खरं, पण दुष्काळही खातो, आणि त्याची नोंद कुठल्या अपघाताच्या यादीत होत नाही. आत्यानं मात्र वाद दुसऱ्या बाजूनं उचलला.

आत्या : कथलाची खाण भारतात आहे. फार लांब नाही, गडचिरोलीच्या पलीकडं, दक्षिण बस्तरात. दंतेवाडा आणि सुकमा जिल्ह्यांत, कटेकल्याण, गोविंदपाल या बाजूला. सत्तरच्या दशकात तिथं कॅसिटराइट सापडलं. पेग्मटाइट नावाच्या भरड खडकात ते आहे, सोबत लिथियमचा अभ्रक आणि नायोबियम-टँटलमची खनिजं. आज भारतात कथील काढणारं राज्य एकच, छत्तीसगड. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांची यादी केली, त्यात कथील आहे. पण तू म्हणतोस तशी खाण तिथं डोळ्यासमोर आणू नको. तिथले आदिवासी ओढ्याकाठची माती खणतात आणि थाळीत पाणी घेऊन हलवतात. कॅसिटराइट वाळूच्या अडीचपट जड. हलकी वाळू वाहून जाते, तळाशी काळे चमकदार दाणे उरतात. ते दाणे सरकारी महामंडळाच्या केंद्रावर विकायचे.

भाऊ : आणि त्यांना किती मिळतं?

आत्या : जगातला भाव लंडनला ठरतो. थाळी धरणाऱ्याला तो भाव विचारायला कुणी येत नाही. आणि एवढं करूनही देशाची गरज भागत नाही, बहुतेक कथील बाहेरून येतं. सगळ्यात जास्त खपतं सोल्डरला, तुझ्या मोबाइलमधल्या जोडांना. शिवाय डब्यांच्या पत्र्याला. आजीच्या पातेल्याचा वाटा त्यात मोजण्यापुरताही नाही. आता तुझ्या मूळ वाक्यावर येते. परभणीला काय दिलं, म्हणालास ना? दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखानं कथील कशाच्या बदल्यात घेतलं, ते सांगते.

आत्याला या विषयावर बोलताना ऐकलं की वाटतं, आमच्या शाळेत इतिहास आणि भूगोल दोन वेगळ्या तासांना उगाच शिकवले. ती ‘पेरिप्लस’ या ग्रंथाबद्दल बोलत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत कुणा अनाम व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचं वर्णन लिहिलं. भडोचच्या बंदरात काय उतरतं, याची त्यात यादी आहे : दारू, पोवळं, तांबं, शिसं आणि कथील. त्याच पुस्तकात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा नोंदल्या आहेत. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. तेरहून कापड जायचं. आणि पैठणहून गाड्या भरून जायचे ते अकीकाच्या जातीचे दगड.

आत्या : हे अकीक कुठून येतात? तुझ्या काळ्या पत्थरातून. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पोकळ्या राहतात. नंतर लाखो वर्षं त्यांतून गरम पाणी झिरपतं. सिलिका साठली की गार, कॅल्सेडनी, अकीक तयार होतात. पत्थर झिजला की हे गोटे सुटतात आणि नदीत येतात. गोदावरीच्या जुन्या गोट्यांच्या थरात ते भरपूर आहेत. रोमचा प्लिनी लिहून गेला की भारताकडं ना तांबं-पितळ आहे ना शिसं-कथील, तो रत्नं आणि मोती देऊन ते घेतो. पुरं खरं नसेल त्याचं, पण दख्खनपुरतं मला ते पटतं. सातवाहनांनी पोटीनची नाणी पाडली, त्या पोटीनमध्ये तांब्यासोबत शिसं आणि कथील असायचं. कथील इकडं आलं, अकीक तिकडं गेले. ज्या जिल्ह्याच्या दगडाला तू रिकामा म्हणतोस, त्याच दगडाच्या पोकळ्यांत असलेल्या वस्तूवर हा व्यापार चालला.

भाऊ : ते पैठणचं झालं. परभणीचं काय?

आत्या : नदी एकच आहे. पैठणची गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम करत पूर्णेकडं जाते. पत्थरही तोच. १८६५ साली वाइन नावाच्या भूशास्त्रज्ञाला पैठणजवळ मुंगीला गोदावरीच्या थरात अकीकाचं हत्यार सापडलं, लुप्त झालेल्या जनावरांच्या हाडांसोबत. भारतातल्या अश्मयुगाच्या अगदी पहिल्या शोधांपैकी तो एक. तसले थर गंगाखेडच्या काठालाही असणारच. असायचे, म्हणायला पाहिजे. कारण आता तिथं पोकलेन उतरलंय.

भाऊ काही बोलला नाही. वाळूचा धंदा त्याचा नाही, पण त्याच्या ओळखीच्यांचा आहे, आणि आम्ही सगळेच त्या वाळूच्या घरांत राहतो.

आत्या : परभणीत खाण नाही म्हणतोस. परभणीत खाणी आहेत. गोदावरी, दुधना आणि पूर्णेचे वाळूघाट, आणि माळावरच्या खदानी. सरकारी कागदावर त्यांचं नाव गौण खनिज. पण खोदून निघालेला माल गाडीतून बाहेर जातो, जमीन खाली जाते, पाणी खाली जातं, तर ती खाणच. फरक इतकाच की कॉर्नवॉलच्या खाणीत कुठल्या खोलीवर कुठलं खनिज निघालं, ते कुठल्या संग्रहालयात आहे, सगळं लिहिलेलं आहे. २००६ मध्ये युनेस्कोनं तो सगळा खाणमुलूख जागतिक वारसा केला. आपली खाण संपते तेव्हा फक्त खड्डा उरतो. त्यात काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

भाऊ : माझ्या खदानीत काय होतं ते मी सांगतो की. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांचा ठिसूळ पत्थर, मग कठीण पत्थर. मध्ये एके ठिकाणी गेरूचा लाल पट्टा. कठीण पत्थराची खडी चांगली. मांजऱ्या क्रशरला चालत नाही, पीठ होतं त्याचं. तो भरावाला टाकतो.

आत्या : त्या मांजऱ्यात पांढरं काय दिसतं?

भाऊ : गोटे असतात. फोडले की आत काचेसारखे दाणे. कधी पंख्यासारखे पापुद्रे, कधी सुयांचे झुबके. एकदा हिरवट निघाले होते, चौकोनी.

आत्याचा चेहरा बदलला. पुढं ती ज्या वेगानं बोलली तो मला इथं कमीच करावा लागतोय.

आत्या : हिरवट चौकोनी म्हणजे अपोफिलाइट असू शकतं. पंख्यासारखं बहुधा स्टिल्बाइट. सुया म्हणजे स्कोलेसाइट किंवा मॉर्डेनाइट. बघितल्याशिवाय मी शपथ घेणार नाही. पण हीच ती लाव्ह्याच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या झिओलाइट खनिजांची आणि त्यांच्या सोबत्यांची मंडळी. बोरघाटात रेल्वे झाली तेव्हा, १८५० च्या दशकात आणि १८६३ पर्यंत, डोंगर फोडताना निघालेले असे स्फटिक थेट विलायतेच्या संग्रहालयांत गेले. पुण्याजवळ वाघोलीच्या खदानींत कॅव्हन्साइट निघालं, मोरपिसासारख्या निळ्या रंगाचं. जगात इतकं सुंदर ते दुसरीकडं कुठंच मिळालेलं नाही. ते खडीच्या खदानीत सापडलं, लक्षात ठेव. कुणी त्याच्यासाठी खाण काढली नव्हती. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथं दख्खनचे झिओलाइट बघायला परदेशातून माणसं येतात. ते सगळे तुझ्या मांजऱ्याचे भाऊबंद.

भाऊ : म्हणजे पैसा आहे!

आत्या : थोडा आहे. आणि तिथंच घोळ आहे. घाटापासून जळगावपर्यंत खदानीतले मजूर चांगले स्फटिक बाजूला काढतात, व्यापारी येऊन घेऊन जातो. तो जागा सांगत नाही, कारण दुसरा व्यापारी तिथं पोचेल. परदेशातल्या कपाटात चिठ्ठी लागते ‘पुणे’ नाहीतर ‘जळगाव’. खरा दगड कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, कुणालाच माहीत नाही. थर माहीत नसेल तर त्या दगडाकडून शिकायचं काहीच उरत नाही, फक्त शोभा उरते. कुठल्या लाव्ह्याच्या थरात किती गरम पाणी फिरलं, कुठला थर सच्छिद्र आहे, कुठल्यात आज पाणी साठू शकेल, हे त्या पोकळ्या सांगतात. तुझ्या बोअरला पाणी लागतं ते मांजऱ्यातूनच ना?

भाऊ : मांजऱ्यात लागतं, आणि गेरूच्या वरच्या अंगाला. कठीण पत्थरात फक्त भेग असली तर.

आत्या : मग? दर उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या जिल्ह्याला याहून मोलाचं खनिजशास्त्र कुठलं? खदान हा जमिनीचा फुकट मिळालेला छेद आहे. शासनाला असा छेद हवा असेल तर बोअर पाडायला पैसे मोजावे लागतात. तू तो रोज पाडतोस आणि रोज भरून टाकतोस.

भाऊ : बरं, मी काय करू? क्रशर थांबवू? डिझेलचा भाव बघ, हायवाचे हप्ते बघ. सुरुंग उडाला की दोन तासांत माल उचलायचा असतो. प्रत्येक गोटा फोडून बघायला माझ्याकडं माणूस नाही.

आत्या : क्रशर थांबवू नको. एक वही ठेव. खदानीचं गाव, गट नंबर, तारीख. त्या दिवशी कुठल्या खोलीवर काम चाललं. कुठला थर. पाणी लागलं का. गोट्यात काय दिसलं, तुझ्याच शब्दांत, मांजऱ्या, पंखा, सुया, हिरवट. आणि दर थराचा मूठभर तुकडा, कापडी पिशवीत, चिठ्ठी टाकून.

भाऊ : वही ठेवली की तहसीलवाले म्हणतील दाखवा. खोली लिहिली की ब्रास काढतील, मग रॉयल्टीचा हिशेब. आत्या, तुला धंदा माहीत नाही.

आत्या : तुझा हिशेब सरळ असेल तर वहीची भीती कशाला?

भाऊ : सरळ हिशेबवाल्यालाच जास्त फेऱ्या माराव्या लागतात. तुझी पेन्शन बँकेत येते, तुला त्या खिडक्या माहीत नाहीत.

भावाची ही भीती खरी आहे, आणि लिहिणाऱ्यांनी ती समजून घ्यायला पाहिजे. आपल्याकडं माहिती ठेवणाऱ्याच्या मागं चौकशी लागते आणि न ठेवणारा मोकळा सुटतो. म्हणून तर खदानीची, वाळूघाटाची, विहिरीची नोंद कुठंच नसते. जुन्या विहिरी खणणाऱ्या वडारांच्या डोक्यात या जिल्ह्याचे सगळे थर होते. कुठल्या शिवारात किती परसावर मांजऱ्या लागतो, हे ते जमीन बघून सांगायचे. ती माणसं गेली, आणि त्यांच्यासोबत भूशास्त्राचं एक अख्खं दफ्तर गेलं. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्यानं वरच्या काळ्या मातीचा कण न् कण अभ्यासला. खालच्या पत्थराकडं मात्र आपण फक्त खडी म्हणून पाहिलं. आत्याचा राग या दुर्लक्षावर आहे, भावावर नाही. मला तो राग रास्त वाटतो. खाण नाही म्हणून रडणाऱ्या जिल्ह्यानं आधी आपल्या असलेल्या खाणींना खाण म्हणावं, हे तिचं म्हणणं मी माझंही मानतो.

तरी भाऊ हटला नाही.

भाऊ : उद्या कुणी सांगितलं की किल्लारीसारखं भोक पाडलं आणि खाली कथील लागलं, तर मी पहिला अर्ज करीन. तुझ्या झिओलाइटनं पन्नास पोरांना काम मिळत नाही.

आत्या : कर. पण अर्जाला जोडायला पहिला कागद लागेल तो थरांच्या नोंदीचाच. कुठलीही कंपनी तोच मागते.

यावर तो हसला नाही, विचारात पडला. मग त्यानं मला गाडीतून चलनबुकाच्या शेजारची कोरी डायरी आणायला सांगितली. गट नंबर लिहिणार नाही, फक्त गाव लिहीन, असं त्यानं आधीच बजावलं. आत्या म्हणाली, गाव आणि ओढ्यापासूनचं अंतर लिही, चालेल.

भाऊ : खोली फुटात लिहू की मीटरमध्ये?

आत्या : तुझी पोरं मोजतात त्या फुटातच लिही. आणि कल्हईवाल्याला सांग, पातेली उद्या घेऊन येते. भाव म्हणतो तो देते.